अव्वाच्या कोपऱ्यातली माती

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिली एकदाची माती! पिशवीवर नाव, गट नंबर घातला आणि संध्याकाळी मृण्मयी मॅडमच्या हातात ठेवली. सुटलो.

मॅडम सकाळी येणार होत्या. नांदेडहून निघाल्या आणि मुखेडजवळ गाडी बंद पडली. फोन आला, "काका, तुम्हीच काढून ठेवता का नमुना? दहा ठिकाणची, वीतभर खोल, मिसळून अर्धा किलो. तुमच्यावर विश्वास आहे. फक्त खड्ड्याचा फोटो ॲपवर टाका."

विश्वास आहे! घ्या.

तीन वर्षं झाली त्यांच्या संस्थेत नाव घालून. मातीत जीव परत आणायची शेती. नांगर घालायचा नाही, काड जाळायचं नाही, रान उघडं ठेवायचं नाही. सगळ्या जगात आता हेच चाललंय, असं त्या सांगतात. गावातून दोघांनीच नाव दिलं. एक मी, दुसरा माझ्या बायकोचा, उमाचा धाकटा भाऊ मलप्पा. त्याला मीच ओढला. "दाजी म्हनतेत तर करतो," एवढंच म्हणाला.

आज रानात फावडं मारलं तर पांढरी ढेकळं. गांडूळ तर सोडाच, मुंगी नाही. मग चिंचेखालच्या कोपऱ्यातली काढली. दहा ठिकाणची नाही, एकाच. काळी, मऊ. रान माझंच की! दुसऱ्याच्या बांधावरून तर नाही आणली.

१५ नोव्हेंबर

काल अर्धंच लिहिलं. वहीशी कसली लबाडी? इथं कोण बघायलंय?

रस्त्याकडचा एक एकर मी बोलल्याप्रमाणे ठेवलाय. पाटी पण तिथंच आहे — 'या शेतात नांगर चालत नाही.' मागच्या चार एकरांत चालतो, आणि नमुना पाची एकरांतला हवा होता. नांगर नाही, रोटावेटर. मिरगाआधी एक पाळी, दिवाळीनंतर एक. रोटावेटर शेडात ताडपत्रीखाली असतो. विचारलं तर सांगतो, भाड्यानं देण्यापुरता ठेवलाय. पहिल्या वर्षी तण माजलं, सोयाबीन पिवळं पडलं, माझा धीर सुटला. मलप्पाचंही पिवळं पडलं होतं. त्याचा नाही सुटला.

आणि चिंचेखालचा कोपरा म्हणजे अव्वाची जागा. आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात. आईला तिथं बसवून अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या दोन गुंठ्यांत औत गेलं नाही, खत नाही, फवारा नाही. चिंचेचा पाला पडतो, कुजतो. उमा सोमवारी दिवा लावून येते.

कडेची काढली. समाधीच्या कडेची. हात लागला नाही.

८ डिसेंबर, सोमवार

निकाल आला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा जीव म्हणतात तो. माझा एक पॉइंट बेचाळीस टक्के! मॅडमचा फोन आला. "काका, अख्ख्या लातूर-नांदेडात आमच्याकडे असा आकडा नाही!"

नसणारच. अव्वा एकच होती.

संध्याकाळी मलप्पा माझ्या खत-बियाण्याच्या दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, तोवर बाकावर गप बसला. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. शून्य पॉइंट अठ्ठावन्न. बोट ठेवून म्हणाला, "दाजी, तुमी आन् मी एकाच दिशी सुरू केलं. माजं काय चुकलं?"

मी काय म्हणालो ते लिहितो, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही. मी म्हणालो, "पाचोळा कमी पडला असंल तुझा. अन् मन लावून करावं लागतं रे."

मन लावून! या मलप्पाला! सप्टेंबरात आभाळ फाटलं तेव्हा माझ्या रानात आठ दिवस पाणी तुंबलं होतं, त्याच्यात तिसऱ्या दिवशी पाय ठेवता येत होता. मी स्वतः बघितलं होतं. त्या माणसाला मी हे शिकवलं. तो "हाव" म्हणाला, कागदाची घडी केली आणि गेला. जीभ का झडली नाही माझी?

९ डिसेंबर

संस्थेनं निलंग्याला माझा सत्कार ठरवला. १८ तारखेला. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

११ डिसेंबर

मलप्पानं रोटावेटर मागितला.

जेवताना आला. उमानं ताट वाढलं, बसला नाही. म्हणाला, "लोक हसायलेत दाजी. मलप्पाचं रान म्हंजी बिनबापाचं म्हनतेत. तुमचं जमलं, माझ्यानं होत न्हाई. ते आच्छादन-बिच्छादन एकदा मोडून टाकतो, रान पिठावानी करतो आन् सूर्यफूल पेरतो. दोनच एकर हाय. तुमचा रोटावेटर मोकळा हाय का?"

त्याच्या दोन एकरात ताग, चवळी, वाल असं गुडघाभर मिसळ उभं आहे. खाली काडाचा थर. तीन वर्षांचा. मॅडम म्हणतात, एका पाळीत सगळं जातं.

नको म्हणायला पाहिजे होतं. पण नको म्हटलं की का ते सांगावं लागतं. मग म्हणालो, "पाती झिजलीत रे सगळी. नवी टाकल्याबिगर चालत न्हाई."

पाती नवीकोरी आहेत. दसऱ्याला बसवलीत.

"मग राहू द्या," म्हणाला. उमा माझ्याकडं बघत होती. पात्यांचं तिला माहीत आहे. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "माझा भाऊ हाय तो." मी ताटातली भाकरी कुस्करत बसलो.

१४ डिसेंबर, रविवार

मॅडमचा फोन. २३ तारखेला परदेशातले पाहुणे येणार. "काका, ॲपवर नमुन्याच्या फोटोची जी जागा नोंदली गेलीय ना, बरोबर तिथंच खड्डा घ्यायचाय. छातीएवढा खोल. मातीचे थर बघायचेत त्यांना."

फोन ठेवला. छातीएवढा! तिथं!

आता खरं लिही, मल्लिनाथा. कडेची नाही.

वरची.

कडेला दगड लागत होते. मधे मऊ होती. मी चपला काढल्या, पाया पडलो आणि फावडं मारलं. पाया पडून! चोर देवळात शिरताना घंटा वाजवतो, तसं. माती अशी सुटली की हात मनगटापर्यंत आत गेला. गांडुळं होती. वास आला, पहिल्या खुरपणीला यायचा तसा, लहानपणी. आणि मला काय वाटलं? आनंद झाला. आकडा चांगला येणार म्हणून. आईच्या अंगावरची माती पिशवीत भरताना मला आनंद झाला.

तिनं जन्मभर रानाला उकिरड्याचं खत घातलं. युरियाचं पोतं दारात आलं की म्हणायची, "ह्ये काय मीठ आनलंस रे?" मी हसायचो. दुकान तर त्याच पोत्यांवर चाललं माझं.

१५ डिसेंबर

पाहुण्यांना दुसरी जागा दाखवीन. नाहीतर आजारी पडीन. नाहीतर पाटीच उपटून टाकीन. दिवसभर हेच.

१७ डिसेंबर, बुधवार

ठरलं. येळवसला, वेळ अमावस्येला सांगतो. परवाच आहे. येळवसच्या दिवशी आख्खा लातूर जिल्हा रानात जेवतो, गावात कुत्रं सापडत नाही. त्या दिवशी रानात उभं राहून खोटं बोलत नाहीत, असं अव्वा म्हणायची. मलप्पाला कोपीत बसवून सांगतो. मग मॅडमला.

कडब्याची कोपी उभी केली. पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवले. उमानं आंबिलीचं मडकं घातलंय, भज्जीसाठी वाल, तूर, वाटाणा सोलत बसलीय. दर साली दुपारची पंगत आमच्या रानात, दिवस कलता कलता मलप्पाच्या. आज त्याचा निरोप आला — औंदा त्याच्याकडं कोपी नाही, बायकोचा हात दुखतोय, सगळे आमच्याकडंच येतील.

मला कळतं. लाज वाटत असणार त्याला, अठ्ठावन्नच्या रानात पंगत बसवायची. ती लाज पण माझीच. परवा काढून घेतो त्याच्याकडून.

१८ डिसेंबर

निलंगा. शाल, श्रीफळ. 'नांगर विसरा' या विषयावर वीस मिनिटं बोललो. टाळ्या! एक म्हातारी उठून म्हणाली, "बाबा, तुझ्याकडं रोटावेटर हाय का रं?" हॉल हसला. मी म्हणालो, "इकला की कवाच." पुन्हा टाळ्या.

घरी आलो तर उमा म्हणाली, मलप्पा येऊन गेला, शेडाची किल्ली नेली होती, दिवे लागायच्या आत परत दिली. बरं म्हटलं. डोकं शालीत. ती कुठं ठेवावी कळेना, शेवटी बियाण्याच्या पेटीत कोंबली. उद्याचा दिवस जाऊ दे एकदा.

१९ डिसेंबर, येळवस

सांगितलं.

पूजा झाली. मलप्पा पोराबाळांसकट आला होता. "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत आम्ही दोघं रानभर आंबील शिंपडत फिरलो. चिंचेखाली आलो. तो दर साली करतो तसा चपला काढून अव्वासमोर वाकला, आणि तसाच थांबला. "दाजी, हितं कुनी उकरलंय वो? घूस लागली जनू." आणि बसून दोन्ही हातांनी माती सारखी करायला लागला. थोपटून, थोपटून. लेकराला निजवतात तसं.

माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "घूस न्हाई रे. मी."

मग सगळं बोललो. उभ्यानंच. पिशवी, बेचाळीस, मागचे चार एकर. तो मातीत हात तसेच ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी तुमच्या रानाचा खरा आकडा...?"

"पाव टक्का भरला तरी लई."

"आन् माजा?"

"तुझा खराय. तू कायबी चुकला न्हाईस, मलप्पा."

मला वाटलं आता मारतो. मारायला पाहिजे होतं. त्यानं हात झटकले, माझ्याकडं बघितलं नाही, आपल्या रानाच्या बाजूला बघितलं. मग म्हणाला, "असू द्या, दाजी. सन हाय. चला, आक्का वाट बघायलीय."

पंगतीत माझ्याशेजारीच बसला. भज्जी, बाजरीचे उंडे घेतले, पण जास्त करून आंबीलच पीत राहिला. पोरांना ओरडला नाही, काही नाही. उमाला मी नंतर सांगितलं. ती रडली, मग उठली, कोपऱ्यात गेली आणि लोटाभर आंबील अव्वाला घालून आली. माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे.

पण छातीवरचा धोंडा उतरला. ज्याचा गुन्हा केला त्यानं शेजारी बसून खाल्लं.

२० डिसेंबर

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, मी त्या आकड्यावर अहवाल लिहिलाय." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं नाव काढणार आहेत. काढा म्हटलं. पाटी मी सकाळीच उपटली.

आणि मग त्या म्हणाल्या — आणि हे मी तीन वेळा विचारून घेतलं — "मलप्पाकाकांचा तीन वर्षांपूर्वीचा आकडा शून्य पॉइंट सत्तावीस होता. दुपटीच्या वर गेलाय! कोरडवाहू रानात. खरा निकाल तोच आहे, आणि तुमच्या बेचाळीसमुळे कुणी त्याच्याकडं बघितलंच नाही." मंगळवारी पाहुणे त्याच्या रानात जाणार. खड्डा तिथं घेणार.

दुपटीच्या वर! आणि त्याला मी पाचोळा शिकवत होतो.

अव्वा वाचली. मलप्पाचं नाव होणार. माझं जाणार, जाऊ दे. उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगतो, फोनवर नाही. त्याचं तोंड बघायचंय मला.

२१ डिसेंबर, रविवार

मलप्पाच्या बांधावर गेलो. दोन्ही एकर काळे. पिठासारखे. हिरवी काडी शिल्लक नाही. बगळे फिरत होते.

"गुरुवारीच झालं, दाजी. तुमी निलंग्याला व्हता. सनाच्या दिशी कशाला सांगावं म्हनलं."

मी पाहुण्यांचं बोललोच नाही.

तोच म्हणाला, "पाती झिजलीत म्हनला व्हता ना, मग उदगीरहून नवी आनून बसवली. जुनी शेडात ठेवलीत बगा. चांगलीच व्हती की वो."