खो मिळायच्या आधी

मंगळ., ४ नोव्हें.
माने सरांनी आज परत बसवलं. खो-खोच्या रांगेत नाही, बाहेर, पाण्याच्या बाटल्यांशेजारी. का तर खो मिळायच्या आधी उठलो. सगळ्यांसमोर: "कळंबकर, खो कानात पडू दे, मग बूड उचल. यष्टी सुटल्यासारखा काय उठतोस?" पोरं हसली. जिल्ह्याची निवड तोंडावर आणि मी बाटल्या राखतोय.

गुरु., ६ नोव्हें.
मला बसवायचं खरं कारण वेगळंच आहे. अश्विनी. वडगाव निंबाळकरची, मुलींच्या टीममधली. दिवाळीत तिच्या भावाला गाठून सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच. लगेच तिची संध्याकाळची प्रॅक्टिस सकाळी गेली. सरांचंच काम. चांगलं चाललेलं, त्यात खो घातला माणसानं.
सकाळी लेक्चर असतात, म्हणून कॉलेजच सोडलं. सेकंड इयर. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर हजर. सर म्हणाले, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस. हितं सकाळचा पाय ठेवायचा न्हाय." तेव्हा सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते बोललो. बोलणारच.

रवि., ९ नोव्हें.
शाळेत होतो तेव्हा सरांनीच कळंबच्या मैदानावरनं उचलून बारामतीच्या टीममध्ये आणलं. कुणाच्याही अंगावर जायचो. कालव्याच्या कडेनं पळवलं, पळणाऱ्याला सूर मारून बाद करायला शिकवलं. हनुवटी फुटली तर स्वतःच्या हातानं हळद दाबली. "रागानं पळता येतं, वळता येत न्हाय." हे वाक्य डोक्यातून जात नाही. जायला पाहिजे.
भिगवणला मासे खायला गेलो, तिथं इंदापूरच्या क्लबचे बापू भेटले. "आमच्याकडनं उतर की. आमी असल्या घोड्याला लगाम घालत न्हाय." रस्सा गार व्हायच्या आत हो म्हणून मोकळा.

गुरु., १३ नोव्हें.
इंदापूर. मस्त. कुणी काही बोलत नाही. कितीदा आधी उठलो, एक शिट्टी नाही. बापू फोनवर. मधूनच, "वाघ हाय, वाघ." सगळ्यांनाच वाघ म्हणतात. ज्याला धड सूर मारता येत नाही त्यालाही.
सरांना कळलं असेलच. फोन नाही. कशाला करतील.

मंगळ., १८ नोव्हें.
बारामती स्टँडवर अश्विनी दिसली. तडक गेलो. म्हणालो, तुझ्या सरांनी आपली वाट लावली. ती म्हणाली,
"वेळ मी बदलून मागितली. सरांनी का म्हणूनबी विचारलं न्हाय."
"पण का?"
"दादाला सांगितलंस. मला कुठं विचारलंस? मी खो दिला व्हता का तुला?"
वडगावची गाडी लागली. चढली. मागं बघितलं नाही.
म्हणजे मी एवढा बोललो, तरी सरांनी तिचं नाव एकदाही पुढं केलं नाही. सगळं अंगावर घेतलं. हे तर जास्तच डोक्यात गेलंय. कुणी सांगितलेलं घ्यायला?

शनि., २२ नोव्हें.
उद्या बारामती वि. इंदापूर. निवड समिती बघायला बसणार. जिल्ह्यात जायचं तर उद्याच.
संध्याकाळी बारामतीच्या ग्राउंडवर गेलो. का गेलो ते... जाऊ दे. कुंपणाबाहेर उभा. सरांनी बघितलं. हाक नाही, काही नाही. पोरांना गोळा केलं आणि बोलायला लागले, आवाज नेहमीपेक्षा मोठा:
"उद्या कळंबकर समोर पळंल. रांगेतनं आत घुसायच्या आधी तो डावा खांदा खाली टाकतोय. खांदा पडला की तिकडच्याला खो द्या. गावतोय."
मला कधी हे सांगितलं नव्हतं. घरी येऊन अंगणात पळून बघितलं. टाकतो. खरंच टाकतो.
पोरांना सांगत होते का मला? पोरं तर त्यांच्या पुढ्यात बसलेली. एवढं ओरडायचं कारण काय.
उद्या खांदा टाकला तर बाद. नाही टाकला तर परत त्यांचाच चेला.