निळा निवडुंग

आबा, तुमच्या स्टुडिओतला तो निळा निवडुंग आज भिंतीवरून उतरवला, काच पुसली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

सून होऊन धुळ्याला आले तेव्हा तुम्ही मला फोटो धुवायला दिलेत, पण रंगांच्या टेबलाला हात लावू दिला नाहीत. "नवरीचं नाक बिघडलं तर सोयरीक मोडेल, सूनबाई." तुम्ही काडीला कापूस गुंडाळून काळ्या-पांढऱ्या गालांवर गुलाबी चढवताय आणि मी दारातून बघतेय, असं किती दिवस! मग तुम्ही लग्नाचे फोटो काढायला जळगावला गेलात. मी लळिंगच्या डोंगरावरून आणवलेला फड्या निवडुंग घमेल्यासकट गिऱ्हाइकाच्या मखमली खुर्चीत बसवला. मागे तुमचा तळ्यातल्या हंसांचा पडदा. काढला फोटो! निवडुंगाचं नाक बिघडून कुणाची सोयरीक मोडणार होती? दोन दुपारी रंगवत बसले. आभाळ गुलाबी, हंस केशरी, डोक्यावरचं फूल पिवळंजर्द आणि निवडुंग निळाशार.

तुम्ही परतलात. शिरपूरकडचे एक नाना नवं धोतर नेसून फोटोला आले, खुर्चीत टेकले आणि उडालेच. "आबा, तुमनी खुर्ची चावस!" मखमलीत बारीक कुसं राहिली होती. मी पदर ओढून पुटपुटले, "मी निवडुंग बसवला होता." आता टेबल तर गेलंच, घरातही बोलणी बसणार. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि मोठ्यांदा म्हणालात, "नाना, मीच बसवलेला. त्यालाबी फोटो काढायचा होता!"

नाना गेल्यावर हात पुढे केलात. "आण बघू." फोटो बराच वेळ उजेडात धरलात.

"निळा का गं?"

"मला तसाच दिसला, आबा."

इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. संध्याकाळी निवडुंग दर्शनी कपाटात नवरीशेजारी लागला आणि मी रंगांच्या टेबलाशी बसले. पुढे रुई, शेराचं झुडूप, बाभूळ, सगळ्यांना त्या पडद्यापुढे बसवलं. खुर्चीवर गोणपाट टाकून. येईल त्याला तुम्ही छाती फुगवून सांगायचात, "आमच्या सूनबाईला निवडुंग निळा दिसतो."

हे पत्र घडी करून त्याच चौकटीत, फोटोमागे ठेवतेय. एक सांगायचं राहिलं, आबा. माझ्या हातून हिरव्या रंगाची बाटली सांडली होती. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!