वाकडीचं नाक

ता. ३ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

डोळ्यावरची पट्टी अजून निघाली नसेल, तेव्हा हे पत्र काकांकडूनच वाचून घ्या. बातमी दोघांचीही आहे. तुमची वाकडी सापडली! तीच, तुम्ही कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये बांधलेली आणि काकांनी शर्यतीत पळवलेली. इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळानं ती भंगारातून सोडवून आणली आहे. मी सहज म्हणून प्रदर्शनाला गेले, गर्दीत टाचा उंचावून पाहते तो काय, आपलीच गाडी!

बाबा, ही माणसं वेडी आहेत. वाकडी एकदाही पहिली आली नाही, तरी तिचं चित्र छापलेले शर्ट घालून फिरतात. इंजिन चालकाच्या शेजारी का, वेग पायाऐवजी हातानं का वाढवायचा, नाक उजवीकडे का, यावर तावातावानं भांडतात. एक प्राध्यापक म्हणतात, ही वाऱ्याची करामत. मंडळाचा मिस्त्री म्हणतो, कसली करामत, अपघातात नाक मुडपलंय, महिनाअखेरीला ठोकून सरळ करतो. खरं कारण सांगायचं नाही असा शब्द तुम्ही काकांना दिलाय म्हणून मी गप्प बसले. काय करू ते लगेच कळवा.

इकडे सगळे मजेत. तुमच्या जावयांना तुमची फार आठवण येते, विशेषतः पत्त्यांत हरले की.

तुमची चिमणी

ता. ८ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर काकाचं, मजकूर माझा. शब्द म्हणजे शब्द. काकाचा गुडघा कायमचा आखडला तेव्हा सगळ्यांनी त्याला घरी बसवलं होतं. मी आधी त्याचा ताठ पाय मोजला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली. पाय मावावा म्हणून नाक उजवीकडे नेलं, इंजिन डावीकडे सरकवलं. लोक फिदीफिदी हसले, वाकडी म्हणाले. काका म्हणाला, वाकडी म्हणू देत, पण कारण सांगू नकोस, नाहीतर उद्या तिला लंगडी म्हणतील. तेव्हा मी तोंड मिटलं ते मिटलं. ठोकू देत त्यांना. तशी गाडी दुसऱ्या कुणाला जमली नाही, एवढं मला पुरे आहे.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे.

बाबा

ता. क. – हे मात्र मी, काका, माझ्या मनानं लिहितोय. ‘ठोकू देत त्यांना’ हे सांगताना दादा रुमाल शोधत होता. म्हणे औषधानं डोळा झोंबतोय! चिमणे, मी घातलेली शपथ मागे घेतली. रविवारी येतोय. त्या मिस्त्रीला म्हणावं, हातोडा खाली ठेव.

ता. १६ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

काका आले ते थेट मंडळाच्या शेडमध्ये. काठी मिस्त्रीच्या हातात दिली, गाडीत बसले आणि उजवा पाय पुढे सोडला. तो त्या वाकड्या नाकात सरळ आत गेला, कुठे अडला नाही की घासला नाही. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मिस्त्री म्हणाला, आता या नाकाला मीही हात लावणार नाही आणि कुणाला लावूही देणार नाही. मग काकांनी मैदानाला एक फेरी मारली आणि मी घसा बसेपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले की ही माझ्या बाबांनी बांधली. खरंच, इतका अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

त्यानंतर प्रत्येकाला एकदा तरी वाकडीत बसायचं होतं. आत गुडघा वाकवायला जागाच नाही, त्यामुळे प्राध्यापक काय, मिस्त्री काय, जो उतरला तो लंगडतच उतरला. काका काठी टेकून दारात उभे होते, आणि एकेकाला पाठीवर थाप मारून सांगत होते, होईल सवय.

पट्टी निघाली की या. रांगेत तुमचा नंबर धरून ठेवलाय.

तुमची चिमणी