पुढे चालणारं क्लॅरिनेट

बंगळूर, २ मार्च २००२

ती. बाबांना जयाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

कंपनीने लग्नासाठी पंधरा दिवसांची रजा दिली. नवऱ्याकडची मंडळी डीजे आणू म्हणत होती. मी सांगून टाकलं, कसब्यातला तुमचा मच्छिंद्र ब्रास बँड एकोणचाळीस वर्षं लोकांच्या लग्नांत वाजतोय, माझ्या लग्नात दुसरं काही वाजणार नाही. क्लॅरिनेट तुम्हीच वाजवायचं आणि तुमची ती झुलती इंग्रजी चाल हवीच.

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो लग्नानंतरही असू द्या.

तुमची हट्टी,
जया

कसबा पेठ, पुणे
११ मार्च २००२

चि. जयास अनेक आशीर्वाद.

बँड येईल. बाविसातले नऊच जण उरलेत, पण कोट नवे शिवलेत. मी मात्र मांडवात थांबेन. मुलीच्या बापाने पाहुणे सोडून वाजवत फिरणं बरं दिसत नाही.

एवढं लिहून पाकीट चिकटवत होतो, तर तुझी आई म्हणाली, पोरीला खरं लिहा. तर ऐक. दिवाळीआधी पुढचे दात काढले. कवळी लावून सूर धरता येत नाही. तेव्हापासून मी पुढे चालतो, क्लॅरिनेट ओठांना लावतो, नुसती बोटं हलवतो. वाजवतो मागचा हिंदुराव. मी वरातीत येणं सोडतो म्हणालो, तर तो म्हणतो, मास्तर पुढे नसले तर आमचे पाय उचलत नाहीत. लोकांच्या लग्नात हे करतो, त्याचीही लाज वाटते. तुझ्या लग्नात करणार नाही. रागावू नकोस, आणि जपून ये.

तुझा,
बाबा

बंगळूर, १९ मार्च २००२

ती. बाबांना सप्रेम जय भीम.

मला माहीत होतं. डिसेंबरात घरी आले, तेव्हा तुमचा बँड होता त्या वरातीच्या कडेने फडके हौदापर्यंत चालत आले होते. तुमचे गाल फुगत नव्हते. त्या फुगलेल्या गालांत बोट खुपसून लहानपणी मी धपाटे खाल्लेत, मला कळणार नाही? फार वाईट वाटलं. पण तुम्ही सांगेपर्यंत विचारायचं नाही, असं ठरवलं.

हिंदुरावकाकांनाच वाजवू द्या. पाहुण्यांचं आई बघेल. तुम्ही नवा कोट घालून पुढेच चालायचं. मी खिडकीत उभी राहीन. तुम्ही पुढे नसलात, तर माझे तरी पाय मांडवाकडे कसे उचलतील?

माया आहे तशीच राहू द्या. आणि बोटं बरोबर हलवा, मला ती चाल पाठ आहे.

तुमचीच,
जया