मशीनला विनोद शिकवताना

३ मार्च, सकाळी
सूनबाईच्या ऑफिसात कॉम्प्युटरला विनोद कळतो का, याची परीक्षा चालली आहे. तपासायला साधी माणसं हवीत. तिने माझं नाव दिलं. शाळा सातवीत सुटली, पण जन्मभर लिफ्ट चालवली. माझा विनोद अर्धवट टाकून कधी कोणी गेलं नाही. दार उघडेपर्यंत सगळे ऐकायचे.
निश्चय: मशीनला महिनाभरात तयार करायचं.

५ मार्च
काम सोपं. पडद्यावर मजकूर येतो. मशीन सांगतं, हा विनोद आहे की नाही, आणि का. आपण बरोबर किंवा चूक द्यायचं.
आज एक गृहस्थ चष्मा शोधताना विहिरीत पडले. मशीन म्हणे विनोद, कारण चष्मा कपाळावरच होता. चूक दिली. त्यांना बाहेर कोणी काढलं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

६ मार्च
झोप लागली नाही. बायको म्हणाली, अहो, तो माणूस खरा नाहीये. मी म्हटलं, विहीर तर असेल.

१० मार्च
सूनबाईच्या मॅडमनी बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली, वर घरात तोंड दाखवायला जागा नाही.
मॅडम सभ्य. म्हणाल्या, काका, तुम्ही एकाही विनोदाला बरोबर दिलं नाहीत. मी म्हटलं, मालच हलका. लिफ्टमधला माझा ऐकवला. एक माणूस पाचव्या मजल्यावर जायला निघतो आणि चौथ्यावरच उतरतो. का? तर त्याचं काम तिथेच असतं.
मॅडमनी तो शब्दन् शब्द लिहून घेतला. मग म्हणाल्या, असे आणखी आहेत? मी म्हटलं, पोतंभर. म्हणाल्या, मग तपासणी राहू दे, तुम्ही हेच लिहून द्या.
बढती!

११ मार्च
बायको विचारते, कशाला हवेत, ते विचारलंत का? कलावंताने असलं विचारायचं नसतं. तिला कसं कळणार.

१८ मार्च
लिखाण जोरात. सूनबाई म्हणाली, बाबा, तुमच्यामुळे मशीनची खरी कसोटी लागते. पण पोरगी माझ्याकडे न बघता बोलली. दमली असेल. की मशीन बिघडलं?

२४ मार्च, संध्याकाळी
निकाल लागला. माझं एकूण एक लिखाण मशीनने बरोबर ओळखलं. टाळ्या. मी उभा राहून नमस्कार केला. तेवढ्यात पडद्यावर माझी सगळी वाक्यं आली. वर मथळा: 'विनोद नसलेला मजकूर'.
खाली बसलो.
मॅडम म्हणाल्या, काका, इतका चोख माल दुसऱ्या कोणाला जमत नाही. बाकीचे लिहायला बसले की कुठेतरी हसू येतंच. तुमचं काम पक्कं. फक्त एके ठिकाणी सगळ्यांना जरा हसू आलं, तेवढं पुढे सांभाळा.
सांभाळीन म्हटलं. ते कुठलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.