‘सेट’ची उजळणी

आई, तुला इंग्रजीतला एकच शब्द पुरता येत होता, ‘सेट’. पण तो असा येत होता की पुढे एम.ए. करून आणि तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मला तसा कधी आला नाही. काल इथे नानाखेड्याच्या माझ्या घरी शेजारीण वाटी घेऊन आली. म्हणाली, “आंटीजी, थोड़ा जामन दे दो, दही सेट ही नहीं हो रहा.” मी विरजण दिलं, दार लावलं आणि तुझी उजळणी पहिल्यापासून म्हणत बसले. सतराव्या अर्थावर अडखळले. तू असतीस तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं असतंस.

याच शहरातल्या, राम घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्या आठवतात. बाबा रेल्वेत माल-बाबू होते. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि त्यांच्यामागे आपल्याकडे राहिलं काय, तर त्यांची टोपी, त्यांची सायकल आणि एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश. तू मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला लागलीस. संस्थान आधीच विलीन झालं होतं, मध्य भारत नावाचं राज्य आलं नि गेलं, आणि आता भोपाळ राजधानी असलेलं नवं राज्य आलं. शाळेत रोज नवी वावडी उठायची. मराठीचे वर्ग कमी होणार, हे मात्र खरं निघालं. सहावीला इंग्रजी शिकवू शकेल तिला इथे ठेवणार, बाकीच्यांची बदली खेड्यात. दुष्काळात तेरावा महिना. खेड्यातली शाळा चौथीपर्यंत, म्हणजे तू तिकडे आणि मी ग्वाल्हेरला मामाकडे. हे तू मला पोळ्या लाटता लाटता सांगितलंस, एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी बाबांचा कोश फडताळातून काढलास.

तुझी शिकायची रीत तुझ्या माहेरची होती. आजोबा ओसरीवर मामांकडून संस्कृत शब्दांच्या माळा पाठ करून घ्यायचे आणि तू आत भांडी घासता घासता ऐकून त्यांच्याआधी पाठ करायचीस. इंग्रजीलाही तू तेच औषध दिलंस. एक शब्द घ्यायचा, त्याचे सगळे अर्थ ओळीने, चालीवर, डुलत. कोशात सगळ्यात लांब रकाना ‘सेट’चा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. मोठा डोंगर आधी चढला की टेकड्यांचं काय, असा तुझा हिशेब. सूर्य मावळणे, ताट मांडणे, घड्याळ लावणे, मोडलेलं हाड बसवणे, सापळा लावणे, प्रश्नपत्रिका काढणे, कपबश्यांचा संच. सिगडी पेटवताना ‘सेट’, वेणी घालताना ‘सेट’. एकदा मध्येच थांबून खूश होऊन म्हणालीस, “अगं, हा तर आपला ‘लावणे’च झाला! दही लावा, दिवा लावा, घड्याळ लावा. त्यांचंही एकाच शब्दावर भागतं बघ.” मी म्हटलं, “आई, बाबा असं नव्हते शिकवत. ते घाटावर फिरताना छोटी छोटी वाक्यं करायला सांगायचे.” तू म्हणालीस, “उगाच दिमाग नको खाऊस माझा. पहिले जीभ तयार होऊ दे. मतलब मागून येतो आपोआप.”

सहावीचा वर्ग तुला चाचणी म्हणून दिला, आणि त्याच वर्गात मी. शाळेत तुला ‘बाई’ म्हणायचं, हा तुझा कायदा. निरीक्षक येऊन तुझं इंग्रजी शिकवणं बघणार होते, त्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी भर वर्गात उठून म्हटलं, “बाई, नुसते अर्थ पाठ करून इंग्रजी येत नाही.” मुली हसल्या. तू मला बाकावर उभं केलंस, तास संपेपर्यंत, आणि म्हणालीस, “विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी इथे तुझी आई नाही.” घरी आल्यावर तू मला साखरेचा शिरा करून दिलास. मी तो खाल्ला, पण तुझ्याशी बोलले नाही.

निरीक्षक जबलपूरकडचे होते, हिंदी बोलणारे, स्वभावाने वाईट नव्हते. तू हात वर केलास आणि चाळीस मुलींनी ‘सेट’ म्हणायला सुरुवात केली. काय म्हटला आम्ही, आई! एक मुलगी चुकली नाही. ते कौतुकाने हसले. “वाह! अब इसी शब्द का एक वाक्य बनाओ. कोई भी बनाए.” कुणी उठेना. तू सगळ्या वर्गावरून नजर फिरवलीस आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी मान खाली घातली. मग ते तुला म्हणाले, “चलिए, आप ही बना दीजिए, बहनजी.” तू तोंड उघडलंस आणि तुला वाक्य काही सुचेना, म्हणून तू पहिल्यापासून म्हणायला लागलीस. सूर्य मावळणे, ताट मांडणे. पाठांतर करणाऱ्याला मधून उचलता येत नाही, पहिल्यापासूनच यावं लागतं, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. त्यांनी हात वर करून तुला थांबवलं. “रहने दीजिए.” अगदी मऊपणे म्हणाले.

बदलीचा कागद पंधरा दिवसांत आला. महिदपूरच्याही पुढचं गाव. देवास गेटच्या स्टँडवर तू त्या गावच्या सर्व्हिस मोटारीत बसलीस, मामा मला घेऊन स्टेशनकडे निघाला. कोश तू खणात गुंडाळून माझ्या हातात दिलास. आठ-नऊ वर्षं आपण फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात भेटलो. दर भेटीत तू जास्त वाळलेली दिसायचीस, आणि मला बघून म्हणायचीस, “किती उंच झाली गं.” मला तुझी फार आठवण यायची. मामीकडे मी मोरीत जाऊन रडायची.

बी.ए.ला इंग्रजीत पहिला वर्ग मिळाला तेव्हा तू पेढे घेऊन त्या खेड्यातून आलीस. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ बसून सहज विचारल्यासारखं विचारलंस, “त्या दिवशी तुला वाक्य येत होतं का गं?” मी म्हटलं, “छे! मला तेव्हा कुठे येत होतं.” तुझा चेहरा इतका मोकळा झाला की मला दुसरं काही बोलवेना. तू म्हणालीस, “मी सगळ्यांना तेच सांगते. पोरीला येत असतं तर उठली नसती का?” नंतर तू बरीच वर्षं जगलीस आणि हे तू आल्यागेल्याला सांगत राहिलीस, माझ्यादेखत. मी चहा आणायला आत जायची.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तू मला बाकावर उभं केलं होतंस आणि मी तुझ्यावर रुसले होते, आई, एवढंच. त्या दिवशी वाक्यं तीन तयार होती.