ह्यांच्या काट्यावर सात किलो

२ मार्च, सकाळ
लेकीला मुलगी झाली. तीन किलोची. जावई फोनवर बरंच काही सांगत होते, पण माझं लक्ष बॅग कुठे ठेवली त्यात. विमानाचं तिकीट बारा तारखेचं. मी एकटी जाणार.
थोरल्याची अट: एकच छोटी बॅग, सात किलो. काउंटरवर जास्त भरली तर तिथूनच घरी, मग पुढच्या महिन्यात तो मला घेऊन जाणार. त्याच्याबरोबर जायचं म्हणजे दर पाच मिनिटांनी आई पाणी पी, आई बस. त्यापेक्षा न गेलेलं बरं. नाही, जायचं तर आहेच.
मी म्हटलं, सात कशाला, पाचात भागवते. लग्न होऊन आले तेव्हा एक ट्रंक होती फक्त. (उचलायला चौघं लागले. पण होती एकच.)

४ मार्च
यादी केली. कपड्यांचे जोड दोन, शाल, गोळ्या, दातांची डबी. संपलं.
सून म्हणाली, आई, तुम्ही शेजारी वाटी परत करायला जाता तरी हातात दोन पिशव्या असतात. मी नुसती हसले. चौथी शिकलेल्या बाईनं वाद घालू नये, करून दाखवावं.

५ मार्च
माळ्यावरून ह्यांचा काटा काढला. हे दारोदार फिरून रद्दी घ्यायचे. आकड्याला लटकवायचा ताणकाटा, पितळी तोंडाचा, अजून चकचकतो. हे जाऊन सहा वर्षं झाली, काटा आहे तसा आहे. सून म्हणे नवीन मागवू. म्हटलं, ह्या काट्यावर चाळीस वर्षं संसार झाला माझा.
काय हातगुण होता ह्यांचा. घरोघरची मिळून शंभर किलो रद्दी घ्यायचे, आणि संध्याकाळी मोठ्या व्यापाऱ्याकडे तीच दीडशे भरायची. वाटेत वाढायची. मी सगळ्या गल्लीला सांगायची.
बॅग लावली. साडेतीन. मी मुळातच सुटसुटीत बाई.

७ मार्च
एवढी जागा रिकामी नेणं बरं दिसत नाही. नातीला दुपटी आठ, टोपडी चार. स्वेटर तीन, माझे, कारण तिकडचं हवामान कुणी सांगावं. पाच भरले. अजून दोन शिल्लक. लोकांना कसं जमत नाही कोण जाणे.

९ मार्च, दुपार
खलबत्ता घेतला. दगडी. लेकीचं औषध कुटायला. जड आहे, पण तो औषधात मोडतो, सामानात नाही. सुई सातच्या पुढे सरकली. शाल काढली, अंगावर घेईन. अंगावरचं वजन माझं. बरोबर सात.

१० मार्च
थोरल्यानं बॅग उचलून बघितली. म्हणाला, आई, यात काय दगड भरलेस? म्हटलं, औषध. खरं बोलले असते तर काढायला लावला असता. काटा दाखवला. म्हणाला, बाबांचा काटा का, आणि सुनेकडे बघून हसला. तीही पदराआड हसली. आजकालच्या मुलांना जुन्या वस्तूंची कदर नाही.

११ मार्च
शेवटचं वजन सात. सुई जागची हलत नाही. मग काटाही बॅगेत टाकला, नात कशी वाढते ते बघता येईल. काट्याला स्वतःचं वजन करता येत नाही, म्हणून तो धरायचा नाही.

१२ मार्च, विमानतळावर, खुर्चीत
काउंटरवरच्या मुलीनं बॅग ठेवली. बारा.
म्हटलं, बाळ, तुझा काटा बिघडलाय. ती म्हणाली, आजी, सकाळीच तपासलाय. म्हटलं थांब. ह्यांचा काटा काढला, बॅग लावली. सात. बघ म्हटलं.
रांगेतला एक जण म्हणाला, मावशी, हा रद्दीवाल्याचा काटा ना? आमच्याकडे पण असाच एक मापाचा राजा यायचा. सगळी रांग हसली. थोरला हसला नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, आई, बाबांनी स्प्रिंग बदलली होती. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.
मला नव्हतं, म्हटलं.
तो म्हणाला, तुला कोण सांगणार? तूच तर रद्दी वाटेत वाढते म्हणून सांगत फिरायचीस.
चाळीस वर्षं सांगत होते. अभिमानानं.
थोरला म्हणाला, चल घरी. मी तिथेच फरशीवर बसकण मारली. खल काढला. तीन स्वेटर एकावर एक घातले. तरी काट्यासकट साडेआठ. मग उरलं, कपड्यांचे जोड का काटा. ह्यांना असं रांगेसमोर टाकून कशी जाणार. जोड थोरल्याच्या हातात दिले. सहा किलो नऊशे. मुलीनं चिठ्ठी लावली.
एकटी चालले आहे. घाम फुटलाय.

१४ मार्च, लेकीकडे
लेकीचा गाऊन घातलाय. दुपट्यांच्या घडीतून बत्ता निघाला. खल तिकडे.
नातीला दुपट्यात घालून काट्याला लावली, खाली हात धरून. दोन किलो. लेकीनं रडायला सुरुवात केली, बाळ किलोनं उतरलं म्हणून. जावयांनी नर्सला बोलावलं. नर्सच्या काट्यावर तीन.
मग सगळं सांगावं लागलं. लेक डोळे पुसत म्हणाली, आई, ते तर मला शाळेत असल्यापासून माहीत आहे, पण आत्ता सुचलंच नाही बघ.
ह्यांनी सख्ख्या नातीलाही रद्दीत धरलं.